दुर्योधनाची मांडी

वडगावच्या बाजारात भाजी घेताना अनोळखी बायासुद्धा बनाबाईला विचारायच्या, "राजाची राणी न्हवं तू?" राजा कसला, तिचा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायचा आणि काळ्या मातीनं माखून सायकलवरनं घरी यायचा. पण गावच्या सोंगी भजनात जोतीराम अठरा वर्षं दुर्योधन होत होता. पेटी-पखवाजावर देवादिकांची सोंगं आणणारी मंडळं त्या भागात पुष्कळ. दुर्योधन मात्र बघावा तर जोतीरामचाच, असं जुनी माणसं म्हणायची. तो मांडी थोपटून उभा राहिला की पुढं बसलेली पोरं मागं सरकायची.

भीम व्हायचा गणपतराव. हा दूध संस्थेत कामाला. दोघं एका तालमीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. भजनात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मुकुट उतरला की एकाच विडीचे झुरके घ्यायचे. गणपतरावची गदा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, वर चिंध्या आणि सोनेरी कागद. ती मांडीला नुसती टेकवायची, पखवाजावर थाप पडायची आणि दुर्योधन धाडकन कोसळायचा.

जोतीरामचा ताठा सोंगापुरता नव्हता, हे बनाबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ताप असला तरी हा कामावर जाणार. आई गेली तेव्हा चार लोकांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडला. वैरण घ्यायला गेलेल्या बनाबाईनं ते बघितलं, तर आठ दिवस तिच्याशी धड बोलला नाही. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं लांबून फार छान दिसतात. त्यांच्याशी संसार करावा लागतो त्यांना विचारा!

दोन हजार एक सालच्या नवरात्रात फळ्यांच्या स्टेजवर गणपतरावचा पाय घसरला. गदा टेकायची ती सगळ्या अंगाच्या भारानिशी मांडीवर बसली. जोतीराम खराखुरा ओरडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दुसऱ्या दिवशी मांडीला, अगदी वर आतल्या अंगाला, लिंबाएवढी गाठ. जोतीरामनं ती स्वतःहून गणपतरावला दाखवली आणि वर हसून म्हणाला, "बघ रं, राजाच्या मांडीवर भीमाचा शिक्का!" तालमीच्या वस्तादांनी दाबून बघितलं. "मुका मार हाय. चोळून घ्या, बसंल." तालमीच्या गावात मुक्या माराला डॉक्टर कोण दाखवतो? गणपतराव रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन यायचा आणि घाम येईपर्यंत चोळायचा. बनाबाई हळद-रक्तबोळाचा लेप घालायची. गाठ बसायची सोडून नारळाएवढी झाली.

महाशिवरात्रीला देवळाच्या चार पायऱ्या जोतीरामला चढवेनात. मग मात्र बनाबाईनं ऐकलं नाही. शेजारच्या आकारामची रिक्षा आणली आणि त्याला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं तिला बाजूला घेऊन म्हणाले, "कॅन्सर आहे, बाई. छातीपर्यंत गेलाय. पाच-सहा महिने आधी आणायला पाहिजे होतं." गदेचं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "मारानं हे होत नाही." पण गावानं निकाल कधीच लावून टाकला होता. भीमाच्या गदेनं दुर्योधन पडला. ते ऐकून गणपतराव वाळत चालला. तेलाची वाटी बंद झाली. आता तो नुसता उंबऱ्यात येऊन बसायचा आणि उठून जायचा.

वैशाखात एके दुपारी जोतीरामनं बनाबाईला जवळ बोलावलं.

"श्रावणातच लागलती गाठ हाताला," तो म्हणाला. "आंघोळ करताना."

बनाबाईला आधी उमगलंच नाही. "श्रावणात? गदा तर नवरात्रात लागली की."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईसा? अवो, तवाच दवाखान्यात गेलो असतो की!"

"कुठली जागा ती. नर्सबायांच्या म्होरं धोतर सोडून उभा ऱ्हाऊ व्हय?"

बनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच माणसानं अठरा वर्षं लोकांना ती गोष्ट करून दाखवली होती. गांधारी म्हणते, बाळा, उघडा माझ्यासमोर ये, माझ्या नजरेनं तुझं अंग वज्राचं करते. आणि हा राजा लाजेपायी केळीचं पान गुंडाळून जातो आणि झाकलेली तेवढी मांडी कच्ची राहते. लोक पोट धरून हसायचे. हसणाऱ्यांत बनाबाईही असायची. आता तिला वाटलं, ह्याच्या थोबाडीत मारावी आणि मग ह्याला पोटाशी धरून रडावं.

"गणपत भावजींस्नी तर सांगा," ती म्हणाली. "त्यांच्या घशाखाली घास उतरंना झालाय."

जोतीराम छताकडे बघत म्हणाला, "फौंड्रीतला जोत्या लाजून गाठ झाकून मेला, असं म्हनू दे व्हय लोकांस्नी? त्यापरीस गदेनं पडला, ते बरं. मी हाय तवर कुणाला सांगायचं न्हाय. शपथ हाय तुला."

नवव्या दिवशी तो गेला. गणपतराव खांदा द्यायला आला नाही; ओढ्यापलीकडं उभा राहून चितेकडे बघत होता. भीमाचं सोंग त्यानं सोडलं आणि मंडळही मोडलं.

शपथ जोतीराम असेपर्यंतची होती, ती सुटली. पण बनाबाईचं तोंड उघडेना. दहावं होऊ दे म्हणाली, मग वर्षश्राद्ध होऊ दे म्हणाली. खरं म्हणजे 'राजाची राणी' म्हणवून घ्यायची सवय तिलाही लागली होती, आणि मेलेल्या नवऱ्याला लोकांत हसू करायचं तिच्या जिवावर आलं होतं. अशी दोन वर्षं गेली. एक दिवस गणपतरावची बायको शालूबाई पाणंदीत भेटली आणि रडत म्हणाली, "परवा झोपेत वराडत हुतं, मी मारला जोत्याला, मी मारला."

बनाबाई घरी न जाता तशीच त्यांच्याकडे गेली. गणपतराव सोप्यात बसला होता. तिनं त्याच्यासमोर बसून श्रावणापासनं सगळं सांगितलं, काही आडपडदा ठेवला नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं हात जोडले.

"वैनी, लई मोठं मन तुमचं. माझ्यासाठी एवढं रचून आणलंसा."

"रचलेलं न्हाय, भावजी. खरं हाय. डॉक्टरबी म्हणालते, मारानं असलं होत न्हाय म्हणून."

"डॉक्टरबी चांगला माणूस." तो ओल्या डोळ्यांनी हसला. "आवो, श्रावणात गाठ असती तर जोत्यानं मला सांगितलं नसतं व्हय? लहानपणापासनं त्यानं माझ्यापासनं एक गोष्ट लपवली न्हाय. तेवढं तरी मी छातीवर हात ठेवून सांगतो."

बनाबाईला कळून चुकलं. त्याच्या छातीवरचा तो धोंडा उतरवायचा तर त्याचा जोत्याच त्याच्याकडून काढून घ्यावा लागणार होता. आणि त्या माणसाजवळ दुसरं काही उरलेलं नव्हतं.

"व्हय, भावजी," ती म्हणाली. "तुमास्नी सांगितलं असतं त्यांनी."