पावलावरचा ठोका

पोलादपूर स्टँडवर शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने चप्पल काढली आणि पाय सरळ माझ्या मांडीवर ठेवला. “भाऊ, ठोका लागतोय का बघा.”

अपघातात तुटलेली पायाची रक्तवाहिनी डॉक्टरांनी जोडली होती आणि पावलावरची नाडी रोज बघायला सांगितली होती. त्याच्या राठ बोटांना ती सापडत नसे. मी वैतागत वाकून चाचपलं. काहीच लागेना. त्याचा चेहरा उतरला.

मला असा वाकलेला पाहून, कुणी महाराज असतील समजून एक बाई त्याच्या पाया पडली. मग रांगच लागली.

“आशीर्वाद नाय माझ्याकडं!” म्हातारा ओरडत होता. “ठोका लागतोय का तेवढं सांगा!”

एका आजीने मात्र हात तसाच ठेवला. “लागतोय रे. चांगला उडतोय.”

तेव्हा महाराज वाकले आणि तिच्याच पाया पडले.