युसूफ वडगावची तालीम

पुणे सोडताना माझ्या पेटीत कपडे कमी आणि दगडी पाट्याच जास्त होत्या. माझा शाळासोबती दत्तोपंत निजामाच्या राज्यात, बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावी देवळाच्या ओवरीत मराठी शाळा चालवत होता. तिथल्या सरकारी शाळांत सारे शिकवणे उर्दूतून, आणि खासगी शाळा चालवायची तर सरकारची परवानगी हवी. शाळा ठेवायची की बंद करायची हे ठरवायला मोहतमीम (शिक्षणखात्याचे तपासणी अधिकारी) येणार होते. 'पाट्या आण आणि मला धीर द्यायला ये,' असे दत्तोपंताने कळवले होते. धीर देण्यात मी वाकबगार आहे, फक्त तो दुसऱ्याला द्यायचा असावा.

बार्शीला छोट्या रेल्वेतून उतरलो तर दत्तोपंत बैलगाडी घेऊन हजर. हद्दीवरच्या करोडगिरी (जकात) नाक्यावर शिपायाने पेटी उघडायला लावली.

"इतक्या पाट्या कावून?"

"पोरांना मराठी शिकवायला."

"मराठी तर पोट्ट्यांला येतीच की!" असे म्हणून तो खो खो हसला. मला त्याचा संताप आला.

कळंब मागे टाकले तशी दोन्ही बाजूंना काळीभोर रानं आणि दाण्यावर आलेली ज्वारी. एका शेतकऱ्याने गाडी थांबवून गरमागरम हुरडा आणि लसणाची चटणी हातावर ठेवली. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, पण पोट भरल्याशिवाय सोडलेही नाही. पुण्यात असे कोणी केले तर मी आधी कारण विचारीन. पुढे मांजरा नदी ओलांडताना चाक खड्ड्यात गेले आणि पेटी थेट दगडांवर आदळली. एकही पाटी धड राहिली नाही. दत्तोपंताचा चेहरा पाहवेना.

गाडीवान म्हणाला, "पाट्याच फुटल्या, मास्तर. कपाळं शाबूत हायती."

गावात शिरलो तर हलगी वाजत होती. देवळापुढे मोठा हौद खणून त्यात चाळलेली तांबडी माती भरलेली. तिच्यात तेल, ताक, हळद सगळे कालवलेले. आणि काठावर शाळेची सारी पोरे लंगोट लावून, अंगाला तेल चोपडून रांगेत उभी! मधोमध आबाराव पाटील मिशीला पीळ देत होते.

"पाटील, हे काय?" दत्तोपंत किंचाळलाच.

"तालुक्याचा शिपाई सांगून गेला, तालीमवाले सायेब तालीम बघाया येनार. गावात तालीम कुठं हाय? मंग आमी रातंदिस खपून केली. लई झ्याक झाली न्हाई का?"

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा. मला हसूही येईना आणि रडूही. तेवढ्यात मोहतमीमसाहेबांचा टांगा येऊन थांबला. काळी शेरवानी, करडी दाढी, कपाळावर आठ्या.

"तालीम कहाँ है?"

"ही काय, सायेब!" पाटलांनी अभिमानाने हौदाकडे हात केला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ये क्या मजाक है?" म्हणून ते टांग्याकडे वळले. शाळा गेलीच म्हणायची. पण पाटील आडवे आले. पागोटे काढून हातात घेतले.

"सायेब, आमच्या बोलीत तालीम म्हंजी हेच. चूक माझी. पोरांवर नगा काढू."

साहेब थांबले. मग पहिल्या पोराला बोलावले. तो धनगराचा बिरू. आधी सरकारी शाळेत जात असे. तिथला उर्दू धडा त्याने घडाघड म्हणून दाखवला.

"मतलब?"

"मतलब न्हाई ठाव, सायेब. निस्तं म्हनता येतं."

"और मराठी? आज यहाँ क्या हुआ, लिखो."

लिहिणार कशावर? पाट्यांचे तुकडे पेटीत होते. बिरूने इकडेतिकडे पाहिले आणि सरळ आखाड्यात उतरला. तेलाताकाची मऊ माती, त्याहून चांगली धूळपाटी कुठली! हाताने माती सपाट करून त्याने बोटाने ठसठशीत ओळी काढल्या. साहेबांना मराठी बोललेले कळे, पण आपली लिपी येत नव्हती.

"पढ़ो."

बिरू वाचू लागला, "आज सायेब आले. पाटलांला वाटलं कुस्ती हाय. आता सायबांला लंगोट कोन..." इथे त्याला स्वतःलाच हसू फुटले. पुढचे वाचवेना. पोरे हसली, गाव हसला, पाटीलही पोट धरून हसले. आणि साहेबांच्या दाढीआडून हसू कधी बाहेर पडले ते त्यांनाही कळले नसावे.

"जो पढ़के हँसा, वो समझा," ते म्हणाले. "मदरसे कू इजाजत है." म्हणजे शाळेला परवानगी! मग आखाड्याकडे पाहून, "दोनों तालीम चलाओ."

हलगी अशी कडाडली की टांग्याचा घोडा बिथरला. पोरांनी दत्तोपंताला उचलून धरले आणि मग आनंदाच्या भरात मातीतच टाकले. पाठोपाठ मीही मातीत; मला वाचवायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. सगळी पंगत येसराची आमटी (भाजक्या धान्याच्या मसाल्याची) आणि भाकरी हाणायला बसली. तिखटाने माझ्या डोळ्यांना धार लागली असे मी सांगितले. खरे म्हणजे मला रडू येत होते. एका ओवरीत झाले ते उद्या साऱ्या राज्यात का होऊ नये? प्रत्येक गावचे पोर आपल्या भाषेत वाचील, आणि वाचता वाचता हसेल. मला ते आता अगदी जवळ आल्यासारखे वाटते.

परतताना नाक्यावर तोच शिपाई होता. पेटीत पाट्या नाहीत असे पाहून त्याने माझ्या तांबड्या धोतराकडे बोट दाखवले.

"काय मास्तर, कुस्ती खेळलात का काय?"

"खेळलो," मी म्हणालो, "आणि मारली!"