वाळूचं वय

कोकणातून निघताना माझ्याजवळ कपडे कमी आणि वाळू जास्त होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब दांडा (समुद्र आणि खाडी यांच्यामधली पट्टी) आहे. मी त्याचा नकाशा करतो. दांड्यावरच्या रखमाकाकींना घर हलवण्याची नोटीस आली आहे. दांडा जुना, म्हणजे पक्का निघाला, तर घर वाचण्याची आशा. म्हणून त्यांच्या घराखालची वाळू तीन लोखंडी नळ्यांत बंद करून गाझियाबादच्या प्रयोगशाळेत न्यायची होती. वाळू किती काळ अंधारात गाडलेली आहे ते तिथे मोजतात. ऊन लागलं की सगळं पुसलं जातं आणि वय पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

दिल्लीत निजामुद्दीनला उतरून मेट्रोत शिरलो, तर तपासणीवर जवान म्हणाला, "खोलिए इसे."

"रोशनी लगी तो रेत बेकार हो जाएगी."

"रेत ही तो है, भाईसाहब."

त्याच्या साहेबापर्यंत वाद घातला, तेव्हा कुठे नळ्या बंदच्या बंद सुटल्या. माझा घसा बसला होता.

मुक्काम सरोजिनी नगरला, चुलतभावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नळ्यांना कोणी हात लावू नये, हे दादाला दोनदा बजावलं. दादाने मान डोलावली आणि ते स्वतःजवळच ठेवलं, वहिनींना सांगितलं नाही. सकाळी तो ऑफिसला गेला, मी बाजारात स्वेटर घ्यायला. परतलो तर गच्चीवर जुन्या चादरीवर वाळू पसरलेली, शेजारी मुगाचे सांडगे.

"ओली होती भावोजी, वास मारत होती," वहिनी म्हणाल्या. "बघा, बिल्कुल कोरडी झाली. पाइपसुद्धा घासून ठेवलेत."

मला रडू येत होतं. त्यांनी वर गरम पराठा वाढला. एवढ्या मायेने वाढणाऱ्या बाईवर ओरडायचं तरी कसं? मी मुकाट्याने खाल्ला आणि मनातल्या मनात दादाला शिव्या घातल्या.

तरीही गाझियाबादला गेलोच. तांबड्या दिव्याच्या खोलीतून बाहेर येऊन तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ये तो कल की रेत है. दोबारा ले आइए."

दुसरी आणणार कुठून? नळ्या ठोकल्या ती कड पावसाळ्यातच कोसळली, काकींच्या अर्ध्या अंगणासकट.

परतीच्या गाडीत चिडून झोप लागली नाही. दिल्ली दूर आहे याचं मला कधीच वाईट वाटलं नव्हतं. या वेळी ती आणखी दूर असती तर बरं, असं वाटलं. सोमवारी नोटिशीवर सुनावणी आहे. काकींच्या घराखालची वाळू किती जुनी, असं विचारतील, आणि माझ्याजवळचा एकुलता एक अहवाल म्हणतो, एक दिवस.