कोर्टाच्या आधी मलिदा

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात मला विचारतात, "तुम्ही ख्रिश्चन का?" आणि सिनेगॉगमध्ये विचारतात, "तू खरंच ज्यू?" दोन्हीकडे मी तेच सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, ठाण्याचे, घरात मराठी बोलतो, शब्बाथ पाळतो आणि शेजाऱ्यांचे मोदक खाऊन मोठे झालो. मंडळातल्या काकू मग आणखी वाढतात, आणि सिनेगॉगवाले आणखी प्रश्न विचारतात.

आमचं सिनेगॉग पुरोगामी. राबाय, म्हणजे धर्मगुरू, बाई आहे, दारावर सप्तरंगी झेंडा आहे, आणि शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर प्रत्येकाने घरून काही करून आणायच्या पॉटलकमध्ये पदार्थांपेक्षा मतं जास्त. इस्राएलच्या युद्धावरून तर अशी जुंपली की काही कुटुंबं सोडून गेली, आणि राहिलेल्यांतले काही अजून एकमेकांकडे मीठसुद्धा मागत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. दोन्ही बाजूंचं थोडं पटतं, दोन्ही बाजूंचा रागही येतो, आणि तो मी घरी जाऊन नवऱ्यावर काढते.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. सिनेगॉगच्या पाळणाघरात मुलं सांभाळणारी बाई. माझ्याच वयाची, होंडुरासहून जीव वाचवून आलेली. माझा मुलगा तिचंच बोट धरून चालायला शिकला. तिने आसरा मागितला होता आणि आता कोर्टाची तारीख आली होती. नाही म्हणाले तर परत पाठवणार, आणि परत गेली तर ज्यांच्या भीतीने पळाली त्यांच्याच गावात. तिला गाडीतून कोण नेणार, कोर्टात सोबत कोण बसणार, सगळं ठरलं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, नीटनेटके कपडे घालून, गप्प. आमच्या लोकांना गप्प बसण्याची तालीम द्यावी लागली.

हे सगळं चालवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, मोर्च्यांत कितीदा अटक झालेल्या. मी मनातल्या मनात त्यांना आजीबाई म्हणते. एका शुक्रवारी त्यांच्यासोबत भांडी घासताना मी बोलून गेले, "ही कोर्टातून सुटली ना, की मी मलिदा करीन." मग मलिदा म्हणजे काय तेही सांगितलं. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं. ताटाभोवती जमून एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं, आशीर्वाद म्हणायचे आणि वाटून खायचं. शुभकार्याच्या आधीही करतात, पण नवसाचा मलिदा काम झाल्यावरच.

आजीबाईंनी शेवटचं वाक्य सोडून सगळं ऐकलं. पुढच्या शुक्रवारी राबायने जाहीर केलं, कोर्टाच्या आधीच्या शब्बाथला मलिदा, सगळ्यांनी यावं. टाळ्या पडल्या. माझं डोकंच फिरलं. नवस आधी फेडतात होय? या लोकांच्या कानावर काही पडायचा अवकाश, लगेच त्याचा कार्यक्रम करतात.

सोमवारी सकाळी ठाण्याला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. आधी तिचं काम तर होऊ दे."

आजीबाई सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मोर्च्याचे फलक रंगवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"आम्ही मोर्च्याच्या आधीच जेवतो," त्या म्हणाल्या. "नंतर कोण घरी असेल आणि कोण कोठडीत, सांगता येत नाही."

"तुमचं जेवण वेगळं. हा नवस आहे."

"मग रद्द करू. पण तिला तू सांग."

गेले सांगायला. ती पाळणाघरात मुलांची पांघरुणं घडी करत होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी राहिले तरच?"

"हो."

"आणि नाही राहिले, तर माझ्यासाठीचं ते मला कधी मिळणारच नाही."

हे ती रागाने बोलली नाही. मुलांच्या डब्याबद्दल बोलावं तसं म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी येताना मला माझाच नवस आठवत राहिला. या देशात आले तेव्हा बोलले होते, ग्रीन कार्ड आलं की मलिदा. आपल्या लोकांची रांग अशी की माझ्या पोराला मिशा फुटल्या तरी संपायची नाही. म्हणून मी इथे एकदाही मलिदा केला नव्हता. आईने दिलेलं मोठं ताट अजून बॅगेतच होतं. भिंतींना रंग नाही, दारात झाड नाही. सगळं कार्ड आलं की.

केला मग मलिदा, ठरल्या शब्बाथला. पण मीही हट्टी आहे, नारळ फोडला नाही. सिनेगॉगमधल्याच एका ताटाच्या मधोमध अख्खा ठेवला आणि सांगितलं, हा निकाल लागल्यावर. बिनखोबऱ्याचा मलिदा सगळ्यांनी आवडीने खाल्ला. तिने दोनदा घेतला. युद्धावरून एकमेकांशी न बोलणाऱ्यांपैकी एकाने खजुराची बशी दुसऱ्यापुढे केली. बोलला नाही, पण केली.

नवरा नेहमी सांगतो, आपण व्हिसावरचे, कुठल्या फोटोत येऊ नकोस. म्हणून मोर्च्यात मी जात नाही. कोर्टात मात्र गेले आणि भीतीने हात मांडीखाली धरून बसले. नारळ गाडीत होता. न्यायाधीशांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, वकिलाला काही विचारलं आणि पुढच्या वर्षीची तारीख दिली. संपलं. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. एवढ्यासाठी ती कित्येक दिवस झोपली नव्हती. मला संताप आला.

बाहेर पार्किंगमध्ये तिचं अभिनंदन करावं की तिला धीर द्यावा, कोणालाच कळेना. तिनेच मला विचारलं, "नारळ आणलायस?"

"अगं, निकाल कुठे लागलाय?"

"माहीत आहे. पण आज मी घरी जातेय."

मी गाडीतून नारळ काढला. फुटपाथच्या कडेवर आपटून फोडला. पाणी आजीबाईंच्या बुटांवर उडालं. वकिलासकट सगळ्यांनी उभ्या उभ्या खोबरं खाल्लं. पुढच्या तारखेला दुसरा आणीन, असं मी तिला सांगितलं.

घरी आल्यावर बॅगेतून आईचं ताट काढून घासलं आणि पोहे भिजत घातले. नवरा ऑफिसातून आला, ताटाकडे बघून दारातच थांबला.

"कार्ड आलं?"

"नाही," मी म्हटलं. "हात धू आणि फळं काप."