मिलच्या हिरव्या रंगातली रेसर

मुंबईचा माणूस आमची सायकल बघायला आला तेव्हा मिल बंद होऊन काही वर्षं झाली होती. मी दारात बसून गहू निवडत होते. त्याला घेऊन आला होता राजवाड्याजवळचा जुन्या वस्तूंचा दुकानदार. घड्याळं, ग्रामोफोन, पितळी दिवे असलं काय काय तो घरोघर फिरून घ्यायचा. मिली बंद पडल्यावर त्याचा धंदा बरा चालला. लोक काहीही विकायला काढत होते.

"काकू, काका आहेत ना घरी? बड़े आदमी को लाया हूँ, चाय-वाय बनाओ," तो म्हणाला.

"चहा देते. साखर संपली आहे," मी म्हटलं.

आमचे हे घरीच होते. मिल बंद झाल्यापासून घरीच असायचे. मिलमध्ये ते फिटर होते. मशीन बिघडलं की लोक त्यांना हाका मारत यायचे. आता हाक मारायला कोणी नव्हतं, तर ते खाटेवर बसून बाहेर बघायचे. मिलच्या भोंग्याची आठवण काढून लोक रडतात. मला भोंगा कधीच आवडला नाही. पण माणूस दिवसभर घरात बसलेला असणं त्याहून वाईट. मी कामं करत राहायची, ते बघत राहायचे, आणि दोघांनाही कशाचं काही वाटत नव्हतं.

त्या दिवसांत आमच्यासमोर दोनच गोष्टी होत्या. मागच्या गल्लीतली पिठाची चक्की विकायला होती. चक्कीवाल्याला मुलाकडे भोपाळला जायचं होतं. मोटर चांगली होती, दगड चांगले होते, गिऱ्हाईक लावलेलं होतं. आमच्या ओसरीत ती बसली असती आणि यांच्या हाताला मशीन मिळालं असतं. नाहीतर गावाबाहेर राऊला एक नवीन कॉलेज झालं होतं, तिथे चौकीदाराची जागा होती. फिटरने फाटक उघडायचं आणि लावायचं. हे त्या जागेबद्दल हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. चक्कीला पैसे नव्हते.

मुंबईच्या माणसाने चहा घेतला नाही. सरळ सायकलीजवळ जाऊन उकिडवा बसला. सायकल भिंतीला टेकवलेली होती. मागच्या कॅरियरला गोणपाट बांधलेलं होतं, कारण त्यावरून मी रॉकेल आणवायची. त्याने खिशातून नाणं काढलं आणि दांडीवरचा रंग खरवडायला लागला.

हे खाटेवरून उठले. "अहो, असं काय करून राहिले तुम्ही?"

"खालचा रंग बघतोय," तो म्हणाला. हिरव्याखाली हिरवाच निघाला. त्याच्याखाली पुन्हा हिरवा. त्याने नाणं खिशात टाकलं. "किती वेळा रंगवली आहे ही?"

"दरवर्षी," हे म्हणाले. "खंडेनवमीला."

"कशासाठी?"

"पूजेला मळकी कशी ठेवायची?"

त्याला ते कळलं नाही, म्हणून मीच सांगितलं. खंडेनवमीला मिलमधली सगळी मशीनं बंद ठेवून धुवायचे, तेल द्यायचे, रंग द्यायचे. मग झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. प्रत्येक खात्याची वेगळी पूजा. मशीनचा रंग हिरवा. उरलेला रंग डालड्याच्या डब्यातून चाळीत यायचा. मग प्रत्येक माणूस आपापल्या घरातलं जे अवजार असेल ते रंगवायचा. आमच्या चाळीत सगळ्यांच्या सायकली हिरव्या, स्टोव्हच्या घडवंच्या हिरव्या, ट्रंका हिरव्या. एका घरी पोपटाचा पिंजरा हिरवा होता, त्यात पोपट दिसायचा नाही.

दुकानदार हसला. मुंबईचा माणूस हसला नाही. तो म्हणाला, अशा सायकली तो जमवतो. मोठ्या खेळाडूंच्या, ज्या शर्यतीत खरोखर धावल्या आहेत अशा. त्या तो चालवत नाही, भिंतीवर लावतो. विलायतेत अशा एकेका सायकलीला घराएवढा भाव येतो. पण ती होती तशी पाहिजे. पडल्याचे ओरखडे पाहिजेत, हँडलवरची जुनी पट्टी पाहिजे. "घामाचा डाग राहिला असता तरी भाव वाढला असता," तो म्हणाला.

"तो आम्ही सोड्याने धुतला," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही तर नोटाच धुतल्या," दुकानदार म्हणाला.

ही सायकल ज्याची होती त्याला चाळीत सगळे चॅम्पियन म्हणायचे. मीही तेच म्हणते. मिलच्या हजेरीपटावर त्याचं नाव विणाई खात्यात होतं, पण त्याने कधी मागाला हात लावला नाही. मिलसाठी सायकल चालवायची हेच त्याचं काम. तेव्हा मिली असे खेळाडू ठेवायच्या, पहिलवान ठेवायच्या. त्याची सायकल सांभाळायचं काम यांच्याकडे. पहाटे तो महूच्या रस्त्याने निघून मानपुरचा घाट चढायचा आणि परत यायचा, आणि हे मिलच्या गाडीत सुटं चाक घेऊन मागे. मग तो देशाकडून बाहेरच्या मुलखात शर्यतीला गेला, पेपरात फोटो आला आणि येताना ही सायकल घेऊन आला. पुढे मिलने खेळाचा खर्च बंद केला. मिल बंद पडायच्या बऱ्याच आधीची गोष्ट आहे ही. चॅम्पियनने राजीनामा दिला आणि जाताना सायकल यांच्या हातात दिली. "रख लो उस्ताद, मैं अब इसका क्या करूँगा," म्हणाला.

यांनी ती कामाला जायला काढली. पण रेसर सायकलवर माणूस अर्धा झोपलेला असतो, डबा लावायला जागा नसते. मग यांनी मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल उलटं करून वर वळवलं. कॅरियर बसवलं, मडगार्ड बसवले, घंटी लावली. आणि उभी राहावी म्हणून पायडलच्या खाली घासून जागा सपाट केली, तिथे पट्टी वेल्ड करून स्टँड लावला.

मुंबईच्या माणसाने सायकल आडवी करून नेमकी तीच जागा बघितली. अशा सायकलीचा नंबर तिथेच ठोकलेला असतो. तो घासला गेला होता.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," तो यांना म्हणाला, "पण उद्या माझ्याकडून जो घेईल त्याला मी काय दाखवू? रंग नाही, नंबर नाही. आता एकच. त्यांनी स्वतः सांगितलं पाहिजे, ही माझी. सायकलीशेजारी उभं राहून फोटो, आणि खाली एक ओळ लिहून सही." मग त्याने भाव सांगितला. त्यात चक्की आली असती आणि ओसरीवर पत्रेही आले असते. तो एक कॅमेराही देऊन गेला आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

ते गेल्यावर हे उठून मागच्या गल्लीत गेले आणि चक्कीवाल्याला सांगून आले, रविवारपर्यंत कुणाला देऊ नको. बऱ्याच दिवसांनी ते स्वतःहून चप्पल घालून बाहेर पडले होते. मी बघितलं आणि पुन्हा गहू निवडायला बसले.

चॅम्पियन आता मानपुरला असतो हे यांना माहीत होतं. हायवेवर त्याचा ढाबा होता. आम्ही सायकल बसच्या टपावर चढवली आणि गेलो. कंडक्टर म्हणाला, "भिया, सायकल असून बसने चाललात?"

ढाबा चांगला मोठा होता. समोर ट्रक लागलेले होते. चॅम्पियन गल्ल्यावर बसला होता. अंग सुटलं होतं, पण यांना लगेच ओळखलं. "अरे उस्ताद," म्हणून उठला. मला नमस्कार केला, "भाभीजी, बैठो." मग त्याची नजर सायकलीवर गेली आणि तो हसला. "इसको तो तुमने भैंस बना दिया, उस्ताद. दूध भी देती है क्या?"

"कामाची आहे," हे म्हणाले.

तो जवळ आला. सायकल उलटी उभी करून पायडल मागे फिरवलं आणि आवाज ऐकला. मग वरच्या दांडीवरून हात फिरवत गेला आणि सीटजवळ थांबला. तिथे एक खळगा होता, रंग साठून साठून भरत आलेला. मी इतकी वर्षं ती सायकल पुसली, मला तो कधी दिसला नव्हता. त्याने त्यात अंगठा ठेवला. "यहाँ गिरा था मैं," म्हणाला. म्हणजे सायकल तीच होती, त्याबद्दल काही शंका उरली नाही.

यांनी मुंबईच्या माणसाचं सांगितलं. फोटो, एक ओळ, सही. मी कॅमेरा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

चॅम्पियनने कॅमेरा बघितला. पोराला हाक मारून तीन चहा सांगितले आणि खुर्चीवर बसला. "उस्ताद, वो तो मैं बेच चुका," तो म्हणाला.

"काय विकली?" मी विचारलं. सायकल तर समोर उभी होती.

मग त्याने सांगितलं. दिल्लीचा एक माणूस आला होता, असाच. तुमची ती सायकल पाहिजे म्हणाला. चॅम्पियनकडे सरावाची एक जुनी रेसर पडून होती. त्याने तीच दाखवली आणि हीच ती म्हणून लिहून दिलं. त्या माणसाने ती काचेच्या पेटीत ठेवली, वर याचा फोटो लावला आणि कार्यक्रम केला. याला नेऊन हार घातला. "मंत्रीजी आए थे," तो म्हणाला. ढाब्याच्या भिंतीवर त्या कार्यक्रमाचा फोटो होता. काचेच्या पेटीतली सायकल लाल होती.

"तेव्हा तुम्हाला यांची आठवण नाही आली?" मी विचारलं.

"आई थी, भाभीजी. पर मैंने सोचा, भंगारवाले को दे दी होगी. मिल बंद, सब बंद." मग तो यांच्याकडे वळला. "अब तुम बोलो, उस्ताद. तुम बोलोगे तो लिख दूँगा. फोटो भी खिंचवा लूँगा. फिर दिल्लीवाला जो करे सो करे."

"लिहून द्या," मी म्हटलं. "ती पण तुमची होती, ही पण तुमची. कोणती धावली आणि कोणती नाही, ते सायकल सांगायला येत नाही."

तो माझ्याकडे बघत नव्हता. यांच्याकडेच बघत होता. त्याची सून काउंटरमागे भाजी चिरत होती, तिचे हात थांबले. चहा आला. यांनी चहा बशीत ओतून प्यायला. सगळा संपवला. मग म्हणाले, "जेवायला काय आहे तुमच्याकडे?"

आम्ही जेवलो. डाळ होती, रोटी होती, शेवेची भाजी होती. चॅम्पियनने स्वतः वाढलं आणि मानपुरच्या घाटात कोणत्या वळणावर हे त्याला चाक बदलून द्यायचे, त्या गोष्टी काढल्या. हे हसलेही. सहीचं पुन्हा कोणी काढलं नाही. निघताना त्याने सायकल टपावर चढवायला हात दिला. कॅमेरा टेबलावरच राहिला होता. सुनेने धावत आणून दिला.

बसमध्ये मी म्हटलं, "तो नाही तर म्हणाला नव्हता."

"नव्हता," हे म्हणाले.

"मग?"

"म्हणून तर. मागितलं असतं तर दिलं असतं त्याने."

एवढंच. महूपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला राग येईल असं वाटलं होतं. आला असता तर काही बोलले असते. आला नाही. राऊ आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून त्या नव्या कॉलेजचं फाटक बघितलं, आणि मीही बघितलं. लोखंडी होतं, मोठं.

रविवारी दोघे आले. यांनी कॅमेरा परत दिला आणि सांगितलं, "त्यांनी बघितली. त्यांची नाही म्हणाले."

दुकानदार उसळला. "काका, असं कसं? चाळीतलं पोर न् पोर सांगतं ही चॅम्पियनची म्हणून."

"चाळ सांगते. त्यांचीच ती दिल्लीला आहे. लाल रंगाची."

मुंबईच्या माणसाने यांच्याकडे बघितलं आणि मग सायकलीकडे. त्याला खरं काय ते कळलं असेल किंवा नसेल. सायकल ओळखणारा माणूस होता. तो म्हणाला, "ठीक आहे. नाव नसलं तरी सांगाडा विलायती आहे. नुसत्या सांगाड्याचं देतो काहीतरी." त्याने जे सांगितलं त्यात चक्कीचा एक दगडही आला नसता.

"देऊन टाका," मी म्हटलं.

"नाही. मला लागेल," हे म्हणाले.

"कशाला लागेल?" दुकानदाराने विचारलं.

"राऊला जायला. नऊ नंबरची बस भरवशाची नाही."

असं त्यांनी नोकरीला हो म्हटलं. मला वेगळं सांगितलं नाही. दुकानदार जाता जाता माझ्याकडून एक पितळी तपेली घेऊन गेला, तेवढाच त्याचा फेरा फुकट गेला नाही.

लोक विचारतात, तुमच्याकडे त्या मोठ्या खेळाडूची सायकल होती म्हणे. मी होती म्हणते. कोणी म्हणतं, केवढ्या मोठ्या मनाचे तुमचे यजमान. मन मोठं होतं की नाही ते मला माहीत नाही. त्या माणसाची सायकल सांभाळायची त्यांना सवय होती, आणि सवय मिलबरोबर गेली नाही. त्याची किंमत आम्ही दिली. चॅम्पियनने दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला, तो मी शेजारी वाटून टाकला.

चक्की दुसऱ्याने घेतली. हातगाडीवरून मोटर नेताना आमच्या दारावरूनच नेली. हे तेव्हा खाटेवर नव्हते. कॉलेजात कपडे आणायला गेले होते. संध्याकाळी खाकी पँट-शर्ट घेऊन आले आणि घालून दाखवले. पँट लांब होती, टाचेखाली येत होती.

"मोठ्या मापाची दिली," मी म्हटलं.

"आधीच्या माणसाची आहे."

मी त्यांना खाटेवर उभं केलं, खाली बसून टाचणीने माप घेतलं आणि ती दोन बोटं आत दुमडून शिवली.