वन्संची हिरवी डबी

कपडे मापाला आत घेऊन किंवा सैल करून देणारी ती शिंपीण बोलायची कमी, पण तिचं माप कधी चुकायचं नाही. बाजारामागच्या गल्लीत तिचं एका खिडकीचं दुकान होतं. आई गेली तेव्हा ती अशी खचली की मशीनपुढे बसून नुसती सुईकडे बघत राहायची. डॉक्टरीणबाईंनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. दोन महिन्यांत ती माणसांत आली. वर्षभरात मात्र वजन चौदा किलोंनी वाढलं.

नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे वन्संना, आयतं कोलीत मिळालं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं ब्युटी पार्लर होतं. भरल्या पार्लरमध्ये त्या म्हणायच्या, "वेड्यांच्या गोळ्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार? लोकांचे कपडे आत घेते आणि स्वतःचे उसवते!" बायका खिदळायच्या.

एक दिवस वन्संनी हिरवी डबी पुढे केली. "घे. नुसता झाडपाला आहे. भूक मरते."

"माझ्या गोळीबरोबर चालेल का? डॉक्टरांना विचारते."

"झाडपाल्याला कसला आलाय डॉक्टर?"

तिने विचारलं नाही, डबीतल्या कॅप्सूल रोज घ्यायला लागली. सहाव्या दिवशी सकाळी एका कोटाला टीप मारताना हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजला, छाती धडधडायला लागली, पाय आपोआप झटके देऊ लागले. शेजारच्या चांभाराने तिला उचलून रुग्णालयात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पिशवीतली डबी उघडून कॅप्सूल हुंगली. "हा झाडपाला नव्हे. असल्या डब्यांत पुष्कळदा बंदी घातलेलं भूक मारणारं औषध मिसळलेलं असतं. तुमच्या गोळीशी ते जुळलं की मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन नको इतकं वाढतं. जिवावरही बेतलं असतं."

चार दिवस ती खाटेवर होती. वन्सं फिरकल्या नाहीत. नातेवाइकांना मात्र त्यांनी फोन केले, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. नाटकं करतेय." तिला हे कळलं तेव्हा ती रडली नाही. जिवावर बेतलेलं ती कदाचित पोटात घालू शकली असती. हे नाही.

वन्सं पार्लरमध्ये हीच डबी विकायच्या. त्यांची गिऱ्हाइकं बारीक झाली की कपडे आत घ्यायला हिच्याकडेच यायची. मापाच्या वहीत सगळ्यांचे नंबर होते. घरी आल्यावर तिने एकतीस जणींना फोन केले. "हिरवी डबी घेता? छाती धडधडते? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" अकरा जणींची छाती धडधडत होती. तिघी तिच्यासारखीच गोळी घेत होत्या. एक शाळेतली कारकून तर कुजबुजली, "घरी कुणाला माहीत नाही हो, तुम्हालाच सांगतेय." नऊ जणींनी डब्या आणून दिल्या.

औषध निरीक्षकाने आधी हात झटकले. "घरगुती भांडण दिसतंय, बाई."

"घरगुतीच आहे," ती म्हणाली. "म्हणूनच सोडणार नाही."

डॉक्टरीणबाईंचं पत्र, डब्या आणि लेखी तक्रार तिने टेबलावर ठेवली. मग दर सोमवारी ती त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसायची. सातव्या सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंचा संशय खरा होता.

पार्लरला सील लागलं त्या दिवशी ती दुकान बंद करून समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. वन्संनी तिला पाहिलं आणि धावत आल्या. "अगं, सांग ना यांना! घरचंच माणूस ना तू?"

"मी काय सांगणार, वन्सं? मी पडले वेडी. माझं कोण ऐकणार?"

हे ती मुद्दाम मोठ्याने बोलली. त्याच खिदळणाऱ्या बायका दाराशी उभ्या होत्या.

नवरा महिनाभर धड बोलला नाही. "रक्ताचं नातं होतं गं," एवढंच एकदा म्हणाला.

"आणि माझ्या अंगात काय पाणी होतं?"

पुढे तब्येत सावरल्यावर डॉक्टरीणबाई आणि वजनाचे डॉक्टर आपसात बोलले. चालू असलेली सगळी औषधं त्यांनी लिहून घेतली. मग कुठे वजन उतरवणारं, आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं. मन खाली जातंय असं वाटलं तर लगेच कळवायचं आणि आधीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, असं दोघांनीही बजावलं. वजन रमतगमत उतरू लागलं.

वन्सं आता दुसरीच्या पार्लरमध्ये केस झाडतात. दोनदा त्यांनी निरोप धाडला, "झालं गेलं विसरून जा." त्या पार्लरवरून घरी जायला रस्ता लांबचा पडतो. तरी ती मुद्दाम तिथूनच जाते आणि काचेपाशी आली की पावलं हळू टाकते.