बावीस कामांची यादी

थूलबाबू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अभ्यासिकेचं कुलूप उघडत होते. पलीकडून थूलकाकू बोलत होत्या, त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बाई, बाबू गेले. सकाळी उठले, चहा मागितला, अन् मी आणतपर्यंत..." किल्ली कुलपात तशीच राहिली. आज पाच-सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. दार ढकलून आत गेले तशी माझी नजर भिंतीवरच्या काच घातलेल्या कागदाकडे गेली आणि मनात आलं, आता हा कागद मला एकटीला सांभाळायचा आहे. जवळचा माणूस गेल्यावर असा विचार पहिल्यांदा यावा याची लाज नंतर वाटली. भीती मात्र त्या लाजेने कमी झाली नाही.

आमची अभ्यासिका पिपरी मेघेत एका व्यापाऱ्याच्या घराच्या तळमजल्यावर आहे. वर त्यांचं कुटुंब राहतं. खाली एक लांबट हॉल, सोळा बाक, पुस्तकांची दोन कपाटं आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. सेलू, अल्लीपूर आणि आणखी कुठकुठल्या गावांतून आलेल्या, एका खोलीत चौघी-चौघी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तीस-पस्तीस मुली इथे दिवसभर बसतात. त्या खोल्यांत वही उघडायला जागा नसते, आणि गावी परतलं की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. ही जागा त्या व्यापाऱ्याने, म्हणजे शेठजींनी, आमच्या मंडळाला करार करून वापरायला दिली. मी मंडळाची सचिव, म्हणून करारावर सही माझी. मजकूर मात्र थूलबाबूंचा. त्यात 'जागेत करता येतील अशी कामे' या मथळ्याखाली बावीस कामं लिहिलेली आहेत आणि खाली दोन अटी. यादीत नसलेलं काही करायचं असेल तर आठ दिवस आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. आणि यादीबाहेरच्या कामाबद्दल घरमालकाच्या तीन लेखी तक्रारी झाल्या, तर करार संपला, जागा परत. थूलबाबू गेले त्या दिवसापर्यंत दोन झाल्या होत्या.

थूलबाबू एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बचत गट, भजनी मंडळ, विहार समिती, क्रिकेट खेळणारी पोरं, ज्याला ज्याला जागेचा कागद करून हवा असे तो त्यांच्या ओसरीवर येई. ते लगेच लिहायला घेत नसत. आधी जागा पाहायला जात आणि तिथे एक अख्खा दिवस बसत. आमच्याकडेही तसेच बसले. मांडीवर जुन्या फायलीचा पुठ्ठा, हातात पेन्सिल. कुलूप उघडल्यापासून लागेपर्यंत कोण काय करतं ते लिहीत गेले. पुस्तक वाचणे. मोठ्याने पाठ करणे. फळ्यावर लिहिणे. डबा खाणे. ओली छत्री दाराशी उघडून ठेवणे... मला हसू येत होतं. शेवटी मी म्हटलं, बाबू, नुसतं 'अभ्यासासाठी' लिहिलं तरी पुरे की. त्यांनी पेन्सिल थांबवली.

"अल्लीपूरले आमी पोरं होतो तवा आमाले एक खोली भेटली होती," ते म्हणाले. "कागदावर होतं, वाचनासाठी. एवढंच. एक दिवस आमी तिथं भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुलूप. वाचाची खोली हाय म्हणे, खायची नाई." त्यांनी पेन्सिल पुन्हा कागदाला टेकवली. "भाकर कोणाची होती म्हणून कुलूप लागलं, ते मले बी समजते अन् तुमाले बी. पण खाणं लिहून असतं, तर त्यायले दुसरं कारण शोधा लागलं असतं. तेवढे दिवस तरी आमी वाचलं असतं."

त्यानंतर मी त्या यादीला कधी हसले नाही. 'भेव पाह्यजे बाई, भेव असलं की कागद बरोबर उतरते,' असं ते म्हणत. मला ते त्यांच्या बोलण्यातलं गमतीचं वाक्य वाटायचं. ते स्वतः कुणाला भीत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेठजी होते तोवर सगळं सुरळीत चाललं. त्यांच्यानंतर घर त्यांच्या मुलाच्या, महेशभाऊंच्या हातात आलं. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे आणि माल ठेवायला त्यांना जागा हवी आहे, हे ते लपवत नाहीत. सेलूची प्राची पहिल्या प्रयत्नात पूर्वपरीक्षा पास झाली तेव्हा मुलींनी पेढे वाटले आणि दारात हलगी लावून नाचल्या. दुसऱ्या दिवशी पत्र आलं: यादीत नसलेला कार्यक्रम. ती पहिली तक्रार. दुसरी झाली माझ्यामुळे. ओळखीच्या एका नर्सताईंना बोलावून मी मुलींचं रक्त तपासून घेतलं होतं, कारण दोघी-तिघी चक्कर येऊन पडल्या होत्या. आरोग्य तपासणी यादीत नाही, असं पत्र आलं. थूलबाबू माफीचा कागद लिहून माझ्यासोबत दुकानात आले, आणि कागद पुढे करताना त्यांचा हात इतका थरथरला की महेशभाऊंनी तो धरून घेतला. त्यांची भीती मी पहिल्यांदाच पाहत होते. साठ वर्षांपूर्वीचं ते कुलूप अजून त्या माणसाच्या हातात होतं. परत येताना ते एवढंच म्हणाले, "आता एकच राह्यली, बाई. आता जपून."

त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली. मुली गेल्या होत्या, मागे उभ्या राहून परत आल्या. दुसऱ्या दिवशी प्राची माझ्या टेबलाशी आली. मॅडम, आपण इथे बाबूंसाठी शोकसभा घेऊ, ती म्हणाली, ते रोज अकराला इथेच तर यायचे. मी नाही म्हटलं. यादीत नाही, म्हटलं. तिने भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "दोन मिनिटं उभं राहणं बी नाई का मॅडम? त्यायनं ओली छत्री लिहिली, अन् हे काऊन नाई लिहिलं?"

काऊन नाही लिहिलं, ते मला माहीत होतं. त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात शोकसभा हे एकविसावं काम होतं. शेठजी मसुदा ऐकत होते आणि त्या ओळीला त्यांनी हात वर केला. आमच्या घरात कुणाचं मरण मांडू नका बाबूजी, वर लेकरंबाळं राहतात, असं म्हणाले. ते रागाने म्हणाले नव्हते, त्यांना खरोखर भीती वाटली होती. त्याच बैठकीत आणखी एका ओळीवर अडलं होतं: मुलींना संध्याकाळी आठपर्यंत बसू द्यावं की सहालाच बंद करावं. शेठजी सहावर ठाम होते. थूलबाबूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी मरण काटतो शेठजी, तुमी आठ करा." शेठजींना हसू आलं आणि आठ झाले. घरी जाताना मी म्हटलं, बाबू, हे बरं नाही केलं. त्यावर ते म्हणाले, पोरींचे रोजचे दोन तास येऊन राह्यले, अन् आपल्यातलं कोणी मेलं तर रस्ता काय बंद हाय का... तिथं बसजा.

हे मी प्राचीला सांगितलं. आणि मग अर्ज लिहिला. आठ दिवस आधी, नियमाप्रमाणे, पुढच्या रविवारी अकरापासून एका तासासाठी. दुकानात महेशभाऊंनी तो दोनदा वाचला आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. "मॅडम, यादी तर बाबूजींचीच आहे ना? त्यांनीच लिहिलेलं मी कसं मोडू? त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?" थूलबाबूंचा आत्म्यावर विश्वास नव्हता, हे सांगायचं मला धाडस झालं नाही. मी पाणी प्याले आणि निघाले. मागून ते म्हणाले, रविवारी मी घरीच आहे, खाली एक चक्कर मारतो.

त्या शनिवारी मी मुलींना बजावलं. कुणी फोटो आणायचा नाही, फुलं नाहीत, काही नाही. पत्र आलं तर सोमवारी या बाकांवर टाइल्सची खोकी असतील, असं स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

रविवारी सगळ्या आल्या. एरवी रविवारी निम्म्याच येतात. पुस्तकं उघडली, कुणी कुणाशी बोललं नाही. पावणेअकराला जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि महेशभाऊ दारात येऊन उभे राहिले, हातात मोबाइल. मी उठून नमस्कार केला. अकरा वाजले. प्राचीने पुस्तक मिटलं, बाकावर दोन्ही हातांची घडी घातली आणि त्यावर डोकं टेकवलं. मग तिच्या शेजारचीने. मग मागच्या बाकावरच्यांनी. मिनिटभरात सगळा हॉल माना खाली घालून बसला होता. पंख्याचा तेवढा आवाज.

"हे काय चालू आहे?" महेशभाऊंनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. चौदावं काम: बाकावर डोके टेकवून विश्रांती, एका वेळी पंधरा मिनिटांपर्यंत. मसुद्याच्या वेळी शेठजींनी या ओळीवर विचारलं होतं, झोपायला जागा देऊ का मी? आणि थूलबाबू म्हणाले होते, झोपाले नाई शेठजी, थकाले. महेशभाऊ कागदाजवळ गेले. त्यांनी ती ओळ वाचली, मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तेव्हा मला समजलं की ते पंधरा मिनिटं मोजणार आहेत.

इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या कुठल्या आजारपणातही वाटली नव्हती. त्या मुलींना घड्याळ दिसत नव्हतं. सातव्या मिनिटाला कुणाचे तरी खांदे हलू लागले. नवव्या मिनिटाला हुंदका आला आणि दाबला गेला. रडणं यादीत नाही, हे माझ्या मनात आलं, आणि असा विचार करणाऱ्या माझीच मला भीती वाटली. मला थूलबाबूंची आठवण काढायची होती. त्यांचा चेहरा, त्यांचा तो पुठ्ठा. काहीच येत नव्हतं, डोळ्यांपुढे फक्त सेकंदकाटा फिरत होता. चौदावं मिनिट लागलं तशी मी टेबलावर पेनाने दोनदा टकटक केली. कुणी हललं नाही. मी पुन्हा केली, जरा जोरात. मग एकेक डोकं वर आलं. गालांवर बाह्यांच्या शिवणीचे वळ होते. पुस्तकं उघडली गेली. महेशभाऊंनी मोबाइल खिशात घातला आणि ते जिना चढून वर गेले.

पत्र अजून आलेलं नाही. येणार नाही असंही कुणी सांगितलेलं नाही. रोज दार उघडताना मी आधी उंबऱ्यात खाली पाहते, कुणी पाकीट सरकवलं आहे का. आणि या दिवाळीला कराराची मुदतच संपते आहे. नवा मसुदा तुम्हीच आणा, असा महेशभाऊंचा निरोप आला. याचा अर्थ ते बोलायला तयार आहेत असा होतो, की एकेक ओळ काटायला बसणार आहेत असा, ते मला कळलेलं नाही. थूलबाबू असते तर निरोप आणणाऱ्याचा चेहरा कसा होता ते त्यांनी आधी विचारलं असतं.

म्हणून काल मी त्यांच्यासारखी दिवसभर बसले, जे होतं ते लिहीत. जुनी बावीस कामं तशीच आहेत. आरोग्य तपासणी मी घातली, ती काटली जाईल असं वाटतं. आणि एक काम मला आजवर दिसलंच नव्हतं. पावणेअकराच्या सुमारास प्राची उठली, माठातून स्टीलचा एक ग्लास भरला, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला आणि त्यावर बशी झाकली. थूलबाबू उन्हातून चालत यायचे आणि दारातूनच पाणी मागायचे. त्यांच्याआधी पाणी तयार असावं म्हणून ती ते भरून ठेवत असे. अजूनही ठेवते. दिवसभर त्या ग्लासाला कुणी हात लावत नाही. आठ वाजता ती ते पाणी फाटकाजवळच्या कडुनिंबाला घालते.

पाणी पिणे हे यादीत आहे. हे पाणी कुणी पीत नाही. मी चोविसाव्या ओळीत पेन्सिलने लिहिलं: खिडकीत पाण्याचा एक ग्लास भरून ठेवणे. कुणासाठी, ते लिहिलं नाही. उद्या हा मसुदा घेऊन दुकानात जायचं आहे. महेशभाऊ ओळ न् ओळ वाचतात. या ओळीवर ते थांबतील आणि विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही. सकाळपासून दोनदा मी खोडरबर हातात घेतलं. या एका ओळीपायी जुनी बावीस जाऊ नयेत... आत्ता पावणेअकरा होत आले आहेत. प्राची माठाशी उभी आहे, ग्लास विसळते आहे.